गोमाजीच्या दोन नळ्या

१

या, असे जवळ येऊन बसा. खांबाला टेकलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं, माझा आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही. बुवांचं कीर्तन सुरू व्हायला अवकाश आहे, पेटीवाले अजून यायचेत. तोवर एक गोष्ट सांगतो. कीर्तनात आधी पूर्वरंगात सिद्धांत येतो आणि मग उत्तररंगात आख्यान. माझ्या गोष्टीत आख्यान आधी आहे, कारण सिद्धांत मला फार उशिरा कळला.

साल १९९६, मार्च महिना. डोंबिवलीतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख होतो. सोमवारी सकाळी साडेआठला मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि दारातच थबकलो. आत पेंढ्याच्या काढ्याचा वास भरला होता. ताजा, गरम वास. आणि बर्नर तर थंडगार होता.

हा काढा आमच्या प्रयोगशाळेचा परिचर गोमाजी उकळायचा, ठाण्याचा कोळी, दर सोमवारी. भाताचा पेंढा पाण्यात उकळायचा, गाळायचा, निववायचा, आणि मग थेंब थेंब काचेच्या नळ्यांमध्ये घालायचा. त्या नळ्यांमध्ये आमचे जीव होते. पॅरामेशियम. शाळेच्या पुस्तकात चपलेच्या तळव्यासारखं चित्र असतं ना, अंगभर बारीक केस असलेलं, तेच. डोळ्यांना नुसती धूळ दिसते. गोमाजीनं ती धूळ दहा वर्षं जिवंत ठेवली होती.

पण गोमाजीचं तेरावं आदल्याच दिवशी झालं होतं.

मी खिडकीच्या कट्ट्याकडे गेलो. लाकडी रॅकमध्ये ठाण्याच्या तळ्यातल्या जिवांच्या बारा नळ्या असत, पुढे सहा, मागे सहा. पुढच्या सहा गढूळ होऊन मेल्या होत्या. मागच्या ओळीतल्या चारही गेल्या होत्या. आणि त्याच ओळीच्या टोकाला दोन भोकं रिकामी होती. दोन नळ्या नाहीशा झाल्या होत्या.

खोलीच्या किल्ल्या चारच. एक माझ्याकडे, एक दौलतकडे, एक नीलाकडे. चौथी गोमाजीची होती, ती त्याच्या बायकोनं पाकिटात घालून परत पाठवली होती.

२

आता हे लोक कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं सुरुवातीलाच गोंधळ घातला.

नीला आमची संशोधक विद्यार्थिनी, ठाकुर्लीची. तिच्या प्रबंधाचा विषय असा : आमच्याकडे दोन तळ्यांतले पॅरामेशियम होते, एक कल्याणचे, एक ठाण्याचे. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे जुळ्या भावांसारखे, आकार तोच, पोहण्याची ढबही तीच. नीलाचं म्हणणं, ह्या दोन निराळ्या जाती आहेत. ते सिद्ध कसं करायचं? त्यांच्या पेशीतला डीएनए काढायचा, यंत्रात त्याच्या तुकड्यांच्या लाखो प्रती करायच्या आणि जेलच्या मऊ चकतीतून ते तुकडे विजेच्या जोरावर पळवायचे. मग जांभळ्या दिव्याखाली आडव्या रेषांची एक पट्टी दिसते. प्रत्येक जातीची पट्टी निराळी. हे यंत्र आमच्याकडे नव्हतं, त्यासाठी ती मुंबईच्या एका संस्थेत जायची. सप्टेंबरात तिनं दोन्ही पट्ट्या काढल्या, स्वच्छ निराळ्या.

प्रबंध परीक्षकांकडे गेला. त्यांनी लिहिलं, प्रयोग पुन्हा करून दाखवा. जानेवारीत तिनं पुन्हा केला. ह्या वेळी ठाण्याच्या नळीची पट्टी हुबेहूब कल्याणसारखी आली.

नवं पाणी आणून पाहावं, तर ठाण्याचं तळं उरलंच नव्हतं. खोपटला, एसटी डेपोच्या पलीकडे एक लहानसं तळं होतं, ते बुजवून वर इमारत उठत होती. त्या तळ्यातलं जे काही जगात शिल्लक होतं ते आमच्या रॅकमध्ये होतं.

दौलत आमच्याकडे व्याख्याता. जिभेचा तिखट. तो म्हणाला, कोळ्याच्या हातात संशोधन दिलं की असंच होणार, एकच ड्रॉपर ह्या नळीत बुडवला आणि त्या नळीत. विभागात सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मी प्राचार्यांना लेखी कळवलं, गोमाजीच्या निष्काळजीपणामुळे नळ्या बिघडल्या. त्याच्या सेवापुस्तकात शेरा पडला, खाली सही माझी. मी गोमाजीला बोलावून सांगितलं की रॅक ओतून टाक. तो उभा राहिला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं सर." पण रॅक त्यानं ओतला नाही, आणि मीही पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

दोन आठवड्यांनी, सकाळी, खोपटला त्या बुजवलेल्या तळ्यासमोरच्या बाकावर बसल्या बसल्या तो गेला. छातीत कळ आली, बस्स.

तेराव्याला मी चेंदणी कोळीवाड्यात गेलो होतो. त्याची बायको आवडाबाई माझ्याशी एकच वाक्य बोलली. "सायेब, माणूस गेला तो गेला. पन कागदावर ते जे लिवलंय, त्ये पुसा. त्यांनी कंदी कुनाची नळी बिघडवली नाय."

ते वाक्य डोक्यात घेऊन मी त्या सोमवारी रॅकसमोर उभा होतो. वास येत होता, आणि दोन भोकं माझ्याकडे बघत होती.

३

कॉलेजात तासाभरात बोभाटा झाला. शिपाई आत यायला तयार होईनात. कोणी म्हणालं, गोमाजी स्वतःच्या नळ्या न्यायला आला होता. दौलतनं मला जिन्यात गाठलं. म्हणाला, सर, भूत पकडायला जाळं देऊ का? माशांचं आहे, पण चालेल.

मला हसू आलं नाही. मी उत्तराला फोन केला. उत्तरा माझी जुनी विद्यार्थिनी, मुंबईच्या त्या संस्थेत काम करायची, नीलाला जेल शिकवलं तेही तिनंच. कॉलेजपासून तिची एक खोड, उत्तर आधी मिळालं की तिला झोप यायची नाही. प्रश्न कुठून आला ते हवं असायचं.

ती आली. तिनं रॅकची भोकं मोजली. मग नीलाला विचारलं, जानेवारीत कुठल्या नळ्या घेतल्यास? नीला म्हणाली, पहिल्या तीन, पुढच्या ओळीतल्या. नेहमी त्याच घेते. मागच्या का नाही पाहिल्या? नीला खाली बघत म्हणाली, "ताई, तिन्ही बिघडलेल्या निघाल्या, आणि मला वाटलं सगळं संपलं. मी गोमाजीकाकांवर ओरडले. दहा वर्षांत त्यांच्यावर कोणी ओरडलं नव्हतं."

काका काय म्हणाले? नीला म्हणाली, फडकं घेऊन रॅक पुसत राहिले.

मग उत्तरानं गोमाजीचं कपाट उघडायला लावलं. आत काय असणार? फडकी, काडेपेटी, देवीची तसबीर. आणि एका डब्यात ड्रॉपर. कल्याणच्या ड्रॉपरना लाल दोरा, ठाण्याच्यांना पांढरा. पांढऱ्यांच्या दोऱ्याला गाठी मारलेल्या, एकापासून बारापर्यंत. लिहिता येत नव्हतं त्याला, पण नळीगणिक ड्रॉपर निराळा ठेवला होता. उत्तरानं तो डबा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, डबा असला म्हणून रोज वापरलाच असेल असं थोडंच आहे?

लाज वाटते आता सांगताना. पण माझी सही होती ना त्या कागदावर.

"बरोबर आहे सर," ती म्हणाली. "डबा पुरावा नाही. नीलानं जानेवारीचा डीएनए संस्थेतल्या फ्रीजमध्ये जपून ठेवलाय. तोच बोलेल."

४

मधला आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. वर्गात शिकवताना, घरी देवपूजेला बसताना, कुठेही अचानक पेंढ्याचा वास यायचा. हिला विचारलं तर ती म्हणायची, उदबत्तीचा वास आहे, तुमचं नाक म्हातारं झालंय. संध्याकाळी कीर्तनाला बसलो तरी बुवांचे शब्द कानावरून जायचे. झांजांच्या आवाजात मला काचेच्या नळ्या एकमेकींना लागल्यासारखं वाटायचं.

आठव्या दिवशी उत्तरा फोटो घेऊन आली. टेबलावर मांडले. तिनं रेषा काढायच्या आणखी पाच पद्धती लावल्या होत्या.

मला म्हणाली, नीट बघा सर. ही आपल्या कल्याणच्या नळीची पट्टी. ही बिघडलेल्या ठाण्याच्या नळीची. चार पद्धतींत दोन्ही सारख्या, म्हणजे जात एकच, कल्याणची. पण पाचव्या पद्धतीत, इथे, एक रेष जास्त आहे. सहाव्यात एक कमी.

मी म्हटलं, मग?

"सर, आपल्या कल्याणच्या नळ्या तुम्ही एकाच जिवापासून वाढवल्यात ना? म्हणजे ते सगळे एका घरातले. ड्रॉपरमधून तेच ठाण्याच्या नळीत गेले असते तर रेष न् रेष जुळली असती. हे आलेत ते त्याच गावचे, पण दुसऱ्या घरचे. हे आपल्या प्रयोगशाळेतले नाहीतच. हे थेट कल्याणच्या तळ्यातून आले."

मी खुर्चीत बसलो. गोमाजीच्या ड्रॉपरचा काही संबंधच नव्हता. मी सही केलेला कागद खोटा होता.

पण मग तळ्याचं पाणी इथे आणलं कोणी?

उत्तरा बोटांवर मोजू लागली. सप्टेंबरातली तपासणी स्वच्छ, जानेवारीतली बिघडलेली. म्हणजे जे झालं ते मधल्या चार महिन्यांत. दौलत प्रात्यक्षिकांसाठी कल्याणहून पाणी आणतो, पण ते ऑगस्टमध्ये, आणि सप्टेंबरअखेरपासून नाताळपर्यंत तो प्रशिक्षणाला नागपूरला होता. त्याचा तिखटपणा जिभेपुरताच. नीला स्वतःच्या प्रबंधात स्वतः विष कालवणार नाही. गोमाजी राहायचा ठाण्याला, कल्याणशी त्याचा संबंध नाही.

मग ती माझ्याकडे वळली. सहज विचारावं तसं विचारलं, "सर, ते तळं कुठलं हो? तुम्हीच आणला होतात ना पहिला नमुना?"

मी सांगितलं. माझ्या आजोळच्या देवीचं देऊळ, त्याच्या मागचं तळं. दर वर्षी घटस्थापनेला मी तिथे जातो. तळ्याचं पाणी आणतो, नऊ दिवस घटाशेजारी ठेवतो, आणि खंडेनवमीला झेंडूच्या फुलानं घरात शिंपडतो. पुस्तकांवर, शिलाई मशिनवर, सायकलवर.

"आणि प्रयोगशाळेत?"

मी हसलो. अगदी मोकळेपणानं हसलो, देवाशपथ. म्हटलं, "अगं, ते तर दहा वर्षांचं आहे. सूक्ष्मदर्शक म्हणजे आपली हत्यारं, त्यांची पूजा नको का? दहा वर्षं शिंपडतोय, कधी कुठल्या नळीला काही झालं नाही."

उत्तरा हसली नाही. तिनं फोटो एकावर एक रचले आणि विचारलं, "पाणी कशात आणता सर?"

"गडूत. तांब्याच्या."

"दर वर्षी?"



५

आदल्या वर्षीच्या नवरात्राआधी गडूला भोक पडलं होतं. तांबटाकडे टाकायचा राहून गेला. मग मी लोणच्याची काचेची बरणी घासून नेली. ही किती बडबडली होती, देवीचं पाणी काय लोणच्याच्या बरणीत आणतात का म्हणून. आम्ही दोघं हसलो होतो त्यावर.

उत्तरानं हळू आवाजात समजावलं. तांब्याच्या भांड्यात नऊ दिवस पाणी राहिलं की असले जीव मरतात. त्यांना तांबं सोसत नाही. दहा वर्षं मी शिंपडलं ते निर्जीव पाणी होतं. काचेच्या बरणीत मात्र, त्यात बुडवलेल्या झेंडूच्या पाकळ्या कुजत, तळ्यातले जीव खाऊन पिऊन वाढले. नवमीपर्यंत थेंबाथेंबात शेकड्यांनी.

"पण नळ्यांना बुचं असतात," मी म्हटलं. बुडणारा माणूस काडी धरतो तसं.

तिनं भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरच्या पाठीमागून जुनं काढून आणलं. खंडेनवमी, दोन ऑक्टोबर. गांधी जयंती, कॉलेज बंद. आणि वार सोमवार.

सोमवार म्हणजे खाऊ घालायचा दिवस. सुट्टी होती म्हणून बाकी कोणी नव्हतं, कोणाला आठवणार नव्हतं. पण गोमाजी आला होता. तो म्हणायचा, सुट्टी पगाराला असते, जिवांना नसते.

आणि मग मला सगळं दिसलं. इतके दिवस ते माझ्या मनाच्या कुठल्या कोपऱ्यात पडलं होतं कोणास ठाऊक. मी सोवळं नेसून, बरणी घेऊन आत आलो. खिडकीशी रॅक, बारा नळ्या उघड्या, कापसाची बुचं ओळीनं फडक्यावर ठेवलेली. गोमाजी हातात ड्रॉपर घेऊन मध्ये आला. म्हणाला, सर, आज इकडे नको, बुचं काढलीत. ह्यांना बाहेरचं पाणी नको.

मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, "गोमाजी, देवीच्या पाण्यानं कधी कोणाचं वाईट झालंय का?"

तो बाजूला झाला. मी समोर उभं राहून फूल झटकलं. एकदा, दोनदा. थेंब पुढच्या ओळीवर पडले.

उत्तरानं रॅककडे बोट केलं. ती आता मला उद्देशून बोलत नव्हती, स्वतःशीच जुळवत होती. पुढची ओळ भिजली, तिथल्या ठाण्याच्या जिवांना कल्याणच्यांनी चार महिन्यांत हटवलं, मागची बहुतेक वाचली. नीलानं नेहमी पुढच्याच नळ्या घेतल्या. नाहीशा झालेल्या दोन कुठल्या, तर मागच्या ओळीच्या टोकाच्या. फुलापासून सगळ्यात लांबच्या. चोराला हे कळणार नाही. भुताला निवडायची गरज नाही. थेंब कुठे पडले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस ह्या दोन निवडील.

"तुम्ही ओतून टाक म्हणालात," ती म्हणाली, "आणि त्यांनी ह्या दोन घरी नेल्या."

पण गोमाजीला जाऊन तीन आठवडे झाले होते. दर सोमवारी खायला न मिळालं तर ते जीव इतके दिवस धड राहत नाहीत. रॅकमधल्या दहा नळ्या मेल्याच होत्या.

६

आम्ही सोमवारी सकाळी चेंदणीला गेलो, उत्तरा, नीला आणि मी. गल्लीत सुकत घातलेल्या बोंबलांचा वास होता. आवडाबाईच्या दाराशी आलो आणि तो वास मागे पडला. आतून दुसराच वास येत होता. पेंढ्याचा काढा, ताजा, गरम.

इतके दिवस जो माझ्या मागे फिरत होता तो वास हा. प्रयोगशाळेत तो कुठून यायचा ते मला आजही सांगता येत नाही. मी शास्त्राचा माणूस, ह्यापुढे बोलत नाही.

स्टोव्हवर पातेलं होतं. खिडकीत, ओल्या फडक्यात गुंडाळून, दोन नळ्या. नीलानं एक उचलून उजेडाकडे धरली आणि धूळ हलली. नीला खाली बसली आणि रडायला लागली.

आवडाबाईनं तिला पाणी दिलं. मला विचारलं, कागद पुसला का सायेब?

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बरणी, फूल, नवमी, मी म्हणालो ते वाक्य. ती पदर दातात धरून ऐकत होती. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मना ठावं हाय."

गोमाजीनं तिला सांगितलं होतं. नवमीच्या संध्याकाळीच सांगितलं होतं, पण तेव्हा त्याला वाटलं, दर वर्षीसारखंच, काही व्हायचं नाही. जानेवारीत झालं तेव्हा कळलं. तिनं त्याला म्हटलं, सांगा की मग, तुमच्यावर का घेता?

"त्ये काय बोलले ठावं हाय? बोलले, सरांचा देवीवर जीव हाय. सर कीर्तनात डोळं मिटून बसतात तवा लहान पोरासारखे दिसतात. मी बोललो तर त्यांचा हात पुन्ना फुलाला लागनार नाय. माज्या नावाचं काय, मी धुऊन घेईन. ह्या दोन नळ्या जगल्या की नीलाबाय स्वतः येईल, तवा आपोआप समजंल." तिनं स्टोव्हवरचं पातेलं ढवळलं. "तोवर राहायचं सोडून ग्येले."

मग तिनं पातेलं उतरवलं, फडक्यानं गाळलं आणि पाट पुढे केला. "बसा सायेब. आज सोमवार हाय, ह्यांना आधी घालते, मग तुमचा चा."

त्या दोन नळ्यांवर नीलानं पुन्हा पट्ट्या काढल्या. ठाण्याची जात निराळी, सप्टेंबरात होती तशीच, रेष न् रेष. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर गोमाजीचं नाव आहे, माझ्या नावाच्या वर. मी प्राचार्यांना दुसरं पत्र लिहिलं. शेरा रद्द झाला, आणि नळ्या कोणाच्या हातून बिघडल्या ते त्यात माझ्याच अक्षरात आहे. त्या पत्राची प्रत मी आवडाबाईला वाचून दाखवली. तिनं ती घडी करून नळ्यांच्या खिडकीत ठेवली.

मी फूल सोडलं नाही. मी ते सोडणं गोमाजीला नको होतं. पण खंडेनवमीला हत्यारांवर पाणी शिंपडण्याआधी मी आता विचारतो, ज्याचं काम असेल त्याला. चालेल का बाबा? तो नको म्हणाला तर बरणी खाली ठेवतो. माझा सिद्धांत एवढाच, तोही एका कोळ्यानं शिकवला.

पेटीवाले आले वाटतं. बुवा, या, बसा. मंडळी, एक मागणं आहे. आज आरतीत हात जोडाल तेव्हा मनात एक नाव घ्या. चेंदणीचा गोमाजी. तळं बुजलं, पण त्यातले जीव त्यानं मरू दिले नाहीत, आणि माझी श्रद्धाही. सोमवारी कुठे पेंढ्याचा वास आला तर दचकू नका. त्याला आठवा.